खाडीवर नेलेला वर्ग

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. तुम्ही दिसता मात्र लगेच, पदर खोचून खाडीच्या बांधावर उभ्या असलेल्या.

मी सातवीत होते. मे महिन्याच्या सुट्टीत आई काविळीने गेली आणि शाळा उघडली तेव्हा मी धाकट्या भावाचं खाणंपिणं उरकून वर्गात यायला लागले. कामतघरच्या चाळीत बाबा कापडाच्या लूमवरची शिफ्ट संपवून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी रडले नव्हते. दहाव्याला गावाहून आलेली आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आई मेली तरी हिच्या डोल्यात पानी न्हाय. दगड हाय पोर." ते मला हळूहळू खरंच वाटायला लागलं होतं.

दिवाळीनंतर एक दिवस तुम्ही विज्ञानाचं पुस्तक मिटायला सांगितलंत आणि आम्हाला चालत खाडीवर नेलंत. ओहोटी होती. चिखलात निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या, त्यांना बघून पोरं वेडी झाली. चिखलातून वर आलेली तिवरांची बोटाएवढी मुळं दाखवून तुम्ही म्हणालात, ही झाडं अशी श्वास घेतात. मग प्रत्येकाच्या हातात एकेक पान दिलंत आणि चाटून बघा म्हणालात. सगळे हसतायत, तोंडं वाकडी करतायत, आणि तुम्ही शांतपणे सांगताय, "खाऱ्या पाण्यात जगायचं तर मीठ आत साठवून चालत नाही. ते बाहेर टाकावं लागतं."

माझ्या जिभेवर ते पान तसंच होतं. मी रडायला लागले, हुंदके आवरेनात. तुम्ही बाकीच्यांना निवट्या बघायला बांधावरून पुढे पाठवलंत आणि स्वतः चिखलात उतरून माझ्यासमोर उभ्या राहिलात, पोरांकडे पाठ करून, कुणाला मी दिसू नये म्हणून. माझा तोल गेला तेव्हा एवढंच म्हणालात, "पाय घट्ट रोव. इथे घसरतं." तुमची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. उन्हं कलली तरी तुम्ही हलला नाहीत.

शाळेत पोचलो तेव्हा फाटकाशी पालक जमले होते. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत तुम्हाला बोलले, की भरती आली असती, एखादं पोर गेलं असतं तर कोण जबाबदार होतं. उशीर माझ्यामुळे झाला होता. ते तुम्ही सांगितलं नाहीत, चूक झाली म्हणालात आणि ओल्या साडीनेच स्टाफरूममध्ये गेलात. त्यानंतर कुठलाच वर्ग बाहेर गेला नाही. पुढे तुमची बदली झाली. माझ्या लग्नाचे कपडे घ्यायला निजामपुऱ्यात गेले होते, तिथे एक वर्गमैत्रीण भेटली आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या म्हणाली, की बाई मागेच गेल्या, कॅन्सर होता.

गेल्या महिन्यात बाबा गेले. आलेल्यांना मी चहा दिला, कप विसळले, भावाला धीर दिला. भावजय म्हणाली, ताई, जरा रडून घ्या. बाराव्यानंतर मी रिक्षा करून खाडीकडे गेले. भराव टाकून तिथे गोदामं उभी राहिली आहेत. वॉचमनने विचारलं, किधर जाना है. मी गोदामांच्या मागे बोट दाखवलं. "इधर तो कुछ नहीं है, मॅडम," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि मी त्याच रिक्षाने परत आले.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घरी कोण होतं, तुम्ही कुठे राहत होता, मला काहीच माहीत नाही. बाबांसाठी मी अजून रडलेले नाही, बाई. आता लिहिताना डोळ्यांतून जे येतंय ते तुमच्यासाठी आहे, आणि त्यांच्याआधी तुमच्यासाठी आलं, याची मला जरा लाज वाटते.