पास्कू दिल्लीला गेला

१२ जानेवारी, गोराई
आजही कुणी आलं नाही. पपा गेल्यावर घरातच मांडलेलं त्यांच्या नावाचं म्युझियम, आणि त्यात बसलेल्या आम्ही दोघीच! ममा काचेच्या कपाटासमोर खुर्ची टाकून. कपाटात पपांचा स्टेजवरचा कोट आणि पास्कू, त्यांचा बोलका बाहुला. पपा ओठ न हलवता बोलायचे आणि अख्खी गोराई पास्कूवर फिदा.

१९ जानेवारी
डेरिक आला. भाऊ कसला, एजंट झालाय नुसता. म्हणाला, छप्पर कधीही खाली येईल, घर विकू, तुम्ही दोघी माझ्याकडे दिंडोशीला चला. मात्र म्युझियम आणायचं नाही, जागा नाही.
ममाला पपांपासून तोडलं तर ती जगणार नाही, मी म्हटलं.
"आणि छप्पर पडल्यावर जगेल काय गं?"
रडायलाच आलं. त्याचं खरं आहे.

२ फेब्रुवारी
घर विकायचं ठरलं. आज म्युझियमचे शेवटचे पाहुणे. त्यांना नेहमीचा किस्सा सांगितला — पपा घरीसुद्धा पास्कूच्या तोंडून बोलायचे, ममाला जेवलीस का तेही पास्कूच विचारायचा. सगळे हसले. ममा सोडून.

६ फेब्रुवारी
दिल्लीचे एक गृहस्थ जुन्या बाहुल्या जमवतात. पास्कूला नीट ठेवतील. दिला. लाकडाला कीड लागलीय, मी कुठे सांभाळू? ममासाठी कोट ठेवलाय. नवऱ्याचं काहीतरी जवळ हवंच ना तिला.

११ फेब्रुवारी
पास्कूला नेलं. त्याला तोंड उघडं ठेवून झोपवायचं नाही, हा पपांचा नियम. जबड्याचा खटका तुटलाय, म्हणून हनुवटीखालून रुमाल बांधला. मेलेल्या माणसाला बांधतात तसाच.
ममाने त्याची कॉलर सारखी केली. तिकडे थंडी असते काय, एवढंच विचारलं.

१९ फेब्रुवारी, दिंडोशी
ममा जेवत नाही. पेज दिली तरी तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पपांचा कोट मांडीवर ठेवला, तर उचलून जमिनीवर टाकला.
असं का करते ही?

२३ फेब्रुवारी
आज बोलली.
"तुजा बाप दारू पिऊन मना मारायचा. तुमी पोरं झोपल्यावर. माफी त्याने कदी मागितली नाय. ती पास्कू मागायचा."
कोट खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. दिल्लीला सकाळपासून फोन लावतेय. उचलत नाहीत.