एकशे दहाच्या पुढे

१८ नोव्हेंबर ४६
कॉलेज आज उघडलं. मी गेलो नाही. आबांना सांगितलं, अंगात कणकण आहे. आईनं कपाळाला हात लावून पाहिला आणि काढा केला नाही, म्हणजे तिला कळलं.

सांगलीला जायचं ते इंटर सायन्सच्या दुसऱ्या टर्मसाठी. टर्म म्हणजे केमिस्ट्रीचे सर जुन्या वहीतून सांगणार आणि आम्ही नव्या वहीत उतरवणार. दिवाळीआधी मी उठून विचारलं, "सर, गूळ पावसाळ्यात पाझरतो तो का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मला माहीत नाही. मी गूळ फक्त खाल्लाय." आणि पुढचा परिच्छेद सांगायला लागले. माणूस खरा. पण माझा प्रश्न तिथंच राहिला.

आता उत्तर आपलं आपण शोधायचं. रद्दीवाल्याकडून साखरेवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलंय, पहिली चाळीस पानं गायब. डिक्शनरी आहे. गुऱ्हाळ आमच्याच मळ्यात. आणखी काय लागतं?

२१ नोव्हें.
कणकण किती दिवस पुरणार. आबांना खरं सांगून टाकलं. कॉलेज सोडतो, इथंच राहून गुळाचं शास्त्र शिकतो.

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. पहिल्या लढाईतले हवालदार; ओरडत नाहीत, आवाज खाली गेला की भ्यावं. म्हणाले, "पलटणीत मला मशिनगनचा खिळा न् खिळा ठावं हुता. सायबाची गन अडली की मला हाक. पर माज्याकडं कागद न्हवता. मिसरूड न फुटल्यालं पोरगं कागद घिऊन आलं, आन् मी त्येला सलाम ठोकला. धा वर्सं ठोकला. तू आदी कागद आन. मग गूळ कर न्हाईतर माती खा."

मी म्हटलं, कागदानं गूळ होत नाही. तोंडातून निसटलं. आबा ताटावरून उठले.

२३ नोव्हें.
अबोला. आई दोघांना वेगवेगळं वाढते.

२६ नोव्हें.
गुऱ्हाळ पेटलं. बिरू आण्णा आला. जतकडचा धनगर, दुष्काळात मेंढरं गेली तेव्हापासून दर सुगीला आमच्याकडे गुळव्या. काहिलीतला रस कढून कढून पाक झाला की ती चुलाणावरून कधी उतरवायची, हे तो एकटा ठरवतो. लवकर उतरली तर गूळ चिकट, उशीर झाला तर करपट. चरकावरची माणसं, जाळ घालणारी, ज्याच्या उसाची पाळी तो मालक, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. तो पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडतो, बोटांनी गोळी वळतो, काहिलीच्या काठावर आपटतो. ऐकतो. मग, "उतरा."

विचारलं, आण्णा, शिकवलं कुणी?
"कोन शिकीवतंय. तीन वर्सं जाळ घातला. बघितलं."

मी पुस्तक दाखवलं. एवढी उष्णता झाली की उतरवायचं, असं छापलंय. आण्णानं पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं. "बुकाला कसं कळतं, कुनाचा ऊस हाय त्यो?"

मला हसू आलं. हे लिहून ठेवतो.

५ डिसेंबर
सांगलीला जाऊन आलो. कॉलेजच्या मागच्या दारानं. लॅबमधले गोविंदराव भले माणूस, चार दिवसांच्या बोलीवर थर्मामीटर दिलं. सर बोळात दिसले, मी खांबाआड. चोरासारखं वाटलं खरं. येताना इस्लामपूरपर्यंत ते मांडीवर धरून बसलो. शेजारचा म्हणाला, डागदर का तुमी? हो म्हणालो.

७ डिसें.
हे लिहायलाच हवं.

ज्ञानूतात्यांची पाळी होती, शेजारच्या मळ्यातले. सकाळचं दुसरं आधण, म्हणजे रसाची दुसरी काहील. थर्मामीटर काठीला बांधून पाकात सोडलं. हातात वही. शंभर. एकशे चार. एकशे आठ. माणसं कामं सोडून माझ्याकडे बघत होती, आणि मला ते आवडत होतं. पारा एकशे दहाला जाऊन वरच्या टोकाला टेकला. मला वाटलं, आता थांबेल. काडकन वाजलं. काठी वर काढली तर खाली काहीच नाही.

एकशे दहाच्या पुढे त्यात जागाच नव्हती. आकडे काचेवर कोरलेले, मी रोज वाचलेले. पण कॉलेजात ते कधी पाण्याबाहेर गेलंच नव्हतं. पाणी शंभराला उकळतं, मग पाक किती जाईल, पाच-सात वर, असा माझा हिशेब. पुस्तकात आकडा फॅरनहाइटात होता, तो सेंटिग्रेडमध्ये करून पाहायचा आळस केला.

वाफ एवढी होती की बाकी कुणाला काही दिसलं नाही. क्षणभर वाटलं, बोलू नये. काच तळाला बसेल, पारा कुठंतरी जाईल, कुणाला कळतंय. हा क्षण माझ्या हातून पुसला जाणार नाही, म्हणून लिहितोय.

मग सांगितलं. हे आधण टाकावं लागेल, पारा विष आहे.

ज्ञानूतात्या भडकले नाहीत, ते समजूतच घालायला लागले. "आरं दिनकर, वैद पारा औषिदात घालतोय. माज्या बापानं खाल्लाय. काच तेवडी गाळून घिऊ." चारजणांनी माना डोलावल्या. मला मराठीत पाऱ्याबद्दल चार वाक्यं सांगता येईनात. सगळं इंग्रजीत पाठ.

आण्णा म्हणाला, "वैद पारा मारून देतो, तात्या. ह्यो जित्ता हाय. वता."

खड्डा मी खणला, पडीक तुकड्यात, कमरेएवढा. काहील राखेनं तीनदा घासली.

८ डिसें.
आमच्या पाळीचं एक आधण आबांनी ज्ञानूतात्यांना दिलं. मला एवढंच म्हणाले, "एकशे धापतूरच हाय, ह्ये कालिजात कुनी सांगितलं न्हाई व्हय?" अबोला सुटला तो असा. गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

सरांना पत्र टाकलं. थर्मामीटर मी फोडलं, गोविंदरावांना बोल लावू नये. कसं फुटलं तेही लिहिलं, चार पानं झाली.

९ डिसें.
आण्णा म्हणाला, "उद्यापास्नं चुलाणावर ये."
चुलाण म्हणजे गुऱ्हाळातलं सगळ्यात खालचं काम. भुयारासारख्या तोंडातून दिवसभर उसाची वाळली चिपाडं ढकलायची. मालकाचा पोरगा जाळ घालतो म्हणून बायका तोंडाला पदर लावतात.

१६ डिसें.
भुवया जळाल्या. डोळे चुरचुरतात. पुस्तक उघडलं नाही.
चिपाड ओलं असेल तर काहील एका अंगानं कढते. हे पुस्तकात नाही. (पहिल्या चाळीस पानांत असेल.)

२ जानेवारी ४७
आज खालूनच कळलं की पाक होत आलाय. आधी बुडबुड्यांचा आवाज बारीक असतो, मग जड होतो, भाकरीचं पीठ थापल्यासारखा. आण्णाला सांगितलं. "आलास म्हन की वर," म्हणाला. उद्यापासून वाटी माझ्या हातात, गोळी मी वळायची, "उतरा" तो म्हणणार.

१४ जाने.
संक्रांत. गोळी सतरा वेळा वळली, अकरा वेळा चुकली. बोटांना फोड. आबांनी पलटणीतल्या पेटीतला मलम काढून दिला. स्वतः लावला. हात सोडायला वेळ लावला.

१९ जाने.
रविवार. दुपारी बांधावरून धोतर-कोट येताना दिसला. सर. सर्व्हिस मोटारनं फाट्यापर्यंत आणि पुढे दोन मैल चालत. बगलेत लांब डबी. मला वाटलं, आता भरपाई.

डबीत दोनशेपर्यंतचं थर्मामीटर. "तुझी चार पानं वर्गात वाचून दाखवली," म्हणाले. "वर्ग हसला. मी पण हसलो या खेपेला."

पायताण काढून, पाक ओततात त्या वाफ्याच्या कडेला बसले. आण्णाला "तुम्ही" म्हणाले, तर आण्णा मागं वळून बघायला लागला, कुणाला म्हणतोय म्हणून. आज तीन आधणं. आण्णा बोटानं ठरवतो, सर आकडा टिपतात. आण्णानं थर्मामीटरकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिलं एकशे अठराला. दुसरं एकशे अठराला. सरांनी चष्मा पुसला.

तिसरं खालच्या पाणथळ तुकड्यातल्या उसाचं. एकशे अठरा झालं. माझ्या जिभेवर "उतरा" आलं होतं. आण्णा म्हणाला, "थांबा." एकोणीस. वीस. एकवीसला म्हणाला, "उतरा."
सर म्हणाले, का?
"ह्यो रस आळशी हाय."
सरांनी वहीत लिहिलं, आळशी. खाली रेघ मारली.
त्या रसाचा गूळ एरवी पाझरतोच. आमच्याकडे म्हण आहे, खालच्या तुकड्याचा गूळ आणि जावई, पावसाळ्याआधी वाटेला लावावा. आण्णाचा पाझरत नाही.

जाताना बांधावर सर म्हणाले, "हा माणूस तीन अंश का थांबला, ते तुला इथं बसून कळणार नाही. रस तोलावा लागेल, तपासावा लागेल. तराजू माझ्याकडे आहे. मला वाटतं हे काम तू करावंस. मी आता या वयात चुलाणात बसत नाही." दहा फेब्रुवारीला पाचच्या आत ऑफिसात हजर झालो तर टर्म धरून परीक्षेला बसवतील. त्यानंतर नाव कमी. प्रिन्सिपॉलांशी भांडून एवढी मुदत मिळवलीय म्हणाले, पुन्हा मिळणार नाही.

आबा सगळं ऐकत होते. सरांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. येताना छाती काढून चालत होते.

२० जाने.
रात्रभर मनात एकच. तराजू हवा. खरंच हवा. कॉलेजला शिव्या घालत बसलो होतो तेव्हा तिथं तराजू आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

२ फेब्रुवारी
आज कळलं. वाटीतली गोळी आण्णाला दिसत नाही. वीस वर्षांचा धूर आणि वाफ. मी वाटी समोर धरली तर हात दुसरीकडे गेला. म्हणून तो आपटून ऐकतो. यंदा काहिलीचा काठही चाचपडून शोधतो, आणि मला महिनाभर समोर असून दिसलं नाही.
"ह्ये शेवटचं साल," म्हणाला. "फुडल्या सुगीला मी येत न्हाई. ल्येकाकडं पडून ऱ्हानार."
मी म्हटलं, दहा तारखेपर्यंत शिकून होईल?
"मला तीन वर्सं लागली."
"मग काय करू, आण्णा?"
"ते मला रं काय ठावं. आळशी रस अजून तुला कळंना, एवडं ठावं हाय."

पाणथळ तुकड्यातला ऊस आठ-दहा आधणांचा राहिलाय. महिनाअखेर संपेल. मग आण्णा जाईल.

६ फेब्रु.
आळशी रस, दोनदा. दोन्ही वेळा लवकर म्हणालो. सरांचं थर्मामीटर डबीत ठेवलंय. ते लावलं की मी आकडा बघतो, पाक बघत नाही.
सर म्हणतात तसं, का थांबायचं हे आधी कळलं, तर कधी थांबायचं ते आपोआप कळेल का? उलटं असेल तर? विचारायला कुणी नाही.

९ फेब्रु.
आबांनी ट्रंकेचं कुलूप दुरुस्त केलं. आईनं तिळाचे लाडू बांधले. मी हो म्हणालेलो नाही, नाहीही म्हणालेलो नाही.

आबा संध्याकाळी शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मी तुज्या जागी असतो तर गनच घिऊन बसलो असतो. कुनी हालवलं नसतं. म्हनून सांगतोय, जा."
मला रडू आलं. त्यांना दिसलं असेल. दोघांनी दुसरीकडे पाहिलं.

१० फेब्रु.
वाफ्याच्या कडेला बसून लिहितोय.

पहाटे ट्रंक बैलगाडीत गेली, तिच्याबरोबर आबा. फाट्यावर मोटार अकराला. ती चारपर्यंत सांगली गाठते. नंतरची मोटार पोचते तेव्हा ऑफिस बंद.

मी आण्णाचा निरोप घ्यायला आलो. पहिलं आधण कढत होतं, पाणथळ तुकड्यातलं. आण्णानं वाटी माझ्या हातात दिली आणि चार पावलं मागं जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "आज तूच."

गोळी वळली. आपटली. थांबा म्हणालो. पुन्हा वळली. पुन्हा थांबा. चौघं काहिलीचे दांडे धरून माझ्याकडे बघत होते, आणि या खेपेला मला ते आवडत नव्हतं. तिसऱ्यांदा आपटली तेव्हा आवाज वेगळा वाटला. वाटला म्हणजे, वाटला. उतरा म्हणालो.

वाफ्यात ओतला, घोटला, बादल्या भरल्या. आण्णा आला, शेजारी बसला. मी विचारलं, जमलं का?
"बादली उलटी केल्याबिगर मला बी कळत न्हाई."

ढेप सुटायला दुपार होणार. लवकर उलटी केली तर फसकते, मग कळायचं तेही कळत नाही.

साडेनऊ झालेत. फाटा दोन मैल. दहाला उठलो तरी चालेल, सव्वादहाला पळत जावं लागेल. जोडे पायात आहेत.

आत्ता बादलीला हात लावून पाहिला. अजून गरम आहे.