सहा संगणक आणि त्यांचा जुना चेहरा

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (फोनवर नीट वाकता येत नाही, आणि फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, याचा अर्थ दिवसातून चारदाच चढा असा होत नाही. काकांचा खोकला थांबला असेल. थांबला नसेल तर त्यांनी तुला न सांगता आणलेल्या गोळ्या बंद कराव्यात; मी त्या पाहिल्या आहेत, त्या पोटदुखीच्या आहेत. इकडे आम्ही सगळे बरे. आईला वाटतं मी वाळले, बाबांना वाटतं मी सुटले, म्हणजे बहुधा आहे तशीच आहे. पत्रास कारण काय ते शेवटी येईल. आधी झालं ते सगळं सांगते, म्हणजे यात माझी चूक किती आणि जगाची किती, हे तुझं तुला ठरवता येईल.

मी पदवी घेतली ती समाजशास्त्रात. पण आपल्या घरातली मी पहिलीच पदवीधर, त्यामुळे पदवी कशातली हा बारकावा कुणी लक्षात ठेवलेला नाही. शेजारच्या आजी रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतात, आई मिक्सर घेऊन येते, आणि मी ‘मला यातलं कळत नाही’ म्हटलं की दोघी एकमेकींकडे अशा बघतात की जणू कॉलेजने आपल्याला फसवलं. वाचनालयात नोकरी लागली तेव्हाही तेच. आमचे ग्रंथपाल सर (वागायला सज्जन, पण कुठलाही निर्णय स्वतःच्या निवृत्तीनंतर व्हावा अशी त्यांची इच्छा असते) म्हणाले, “ग्रॅज्युएट आहेस ना? मग संगणक कक्ष तू बघ.” मी बघू लागले. खरोखर बसून बघतच राहिले, कारण त्याहून जास्त काही येत नव्हतं.

हा कक्ष म्हणजे मागच्या बाजूची लांबट खोली. दोन टेबलं, सहा संगणक, सहा निरनिराळ्या जातींच्या खुर्च्या आणि सायकलींच्या स्टँडकडे उघडणारी एक खिडकी. पण मावशी, या खोलीला हसू नकोस. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांची ही एकच जागा. तिथे येतात त्या अर्जवाल्या ताई: शिवणकाम करून संसार चालवतात आणि नोकरीचे अर्ज भरतात, एकेक अर्ज असा निगुतीने भरतात की तो नामंजूर करणाऱ्याला लाज वाटावी. तिथे येतात टपालकाका, म्हणजे निवृत्त पोस्टमन. ते दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीला रोज ईमेल लिहितात आणि नंतर पत्त्यांचा एक डाव खेळतात. (क्रम उलटाही असतो. लेकीला सांगू नये अशी विनंती आहे.)

तर एके दिवशी मुख्य कार्यालयातून आदेश आला. आमच्या संगणकांमध्ये जी जुनी सिस्टीम आहे, तिला यापुढे कंपनी अपडेट देणार नाही. सबब जुनी सिस्टीम असलेला एकही संगणक इमारतीत ठेवू नये, भंगारात काढावा. नव्या संगणकांचं काय? त्याचा ‘यथावकाश विचार होईल’. मावशी, ‘यथावकाश’ या शब्दाचा अर्थ मला समाजशास्त्रातही शिकवला होता. खोली बंद होणार आणि तिथे मोडक्या खुर्च्या रचणार, हे मला तेव्हाच दिसलं.

आता अपडेट बंद होणं वाईट खरंच. अशा संगणकाला इंटरनेट जोडणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणं. पण यंत्रं तर धडधाकट होती! डॉक्टर निवृत्त झाला म्हणून पेशंटला कुणी तिरडीवर बांधत नाही, दुसरा डॉक्टर बघतात. आणि दुसरा डॉक्टर असतो, तोही फुकट. जगभरचे लोक हौसेने मिळून बनवतात अशी एक सिस्टीम आहे. जुन्या यंत्रांवर हलकी चालते आणि तिचे अपडेटही वेळच्या वेळी येतात. हे वाचलं त्या दिवशी मला इतकं भरून आलं की मी सरांपुढे भाषणच केलं. माणसं माणसांसाठी, मोबदल्याशिवाय, वगैरे. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “यात माझी सही कुठे लागते का?” लागत नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग कर.”

सगळ्यांच्या फायली आधी काढून ठेवल्या (एवढी अक्कल होती) आणि पहिल्या संगणकावर नवी सिस्टीम चढवायला घेतली. ती बसताना फार प्रश्न विचारते. सुरुवातीला मी प्रत्येक प्रश्न वाचला. मग मुलगी बघायला आलेल्यांना द्यावीत तशी ‘हो, हो, चालेल’ करत उत्तरं देत सुटले. परिणामी तो संगणक सुरू झाला तो एका परक्या भाषेत. कुठली ते अजून कळलेलं नाही. अक्षरांवर टोप्या होत्या. भाषा बदलायचं बटण कुठेतरी होतं, पण त्याचं नावही त्याच भाषेत होतं. शेवटी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं. ते मात्र जमलं. मावशी, तो संगणक पूर्वी सुरू होईपर्यंत वर्तमानपत्र वाचून व्हायचं. आता मथळा वाचेपर्यंत तयार! मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली. तिचा पाय मोडला; ती आता बाकीच्या पाच खुर्च्यांच्या पलीकडे, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

सकाळी टपालकाका आले, बसले, आणि पडद्याकडे पाहून उठून उभे राहिले.

“पोरी, आमचा कॉम्प्युटर कुठे गेला?”

“हाच तो, काका. आतून नवा केलाय.”

“हा नव्हे. त्याच्यावर पिवळं फूल होतं.”

मी सुरक्षेबद्दल सांगितलं, स्वातंत्र्याबद्दल सांगितलं, जगभरच्या हौशी लोकांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “ते सगळे भले असतील गं, पण फूल कुणी काढलं?” ताईही आल्या, आणि कोपऱ्यातलं बटण मधोमध गेलेलं पाहून त्यांनी माऊसवरचा हात असा मागे घेतला की जणू तवा तापलाय. “बाई, मी काही बिघडवलं तर?” म्हणाल्या आणि त्या दिवशीचा अर्ज न भरताच गेल्या. मला रडू आलं. लोकांना वाचवायला निघालेल्या माणसाला लोक तोंडावर ‘नको’ म्हणतात, याची तयारी समाजशास्त्राच्या पुस्तकात करून घेत नाहीत.

मग मी विचार केला: यांना आतलं काही नको आहे, यांना ओळखीचा चेहरा हवा आहे. नव्या सिस्टीमची खुबी ही की तिला हवा तो चेहरा देता येतो. मी पिवळं फूल परत आणलं. चित्रं जिथल्या तिथे, बटण पुन्हा कोपऱ्यात, सुरू होतानाची ती ‘टिंग टिडिंग’सुद्धा शोधून बसवली. पत्त्यांचा डाव तर इतका हुबेहूब की हरल्यावर काकांना तेवढाच राग येतो. एकच तक्रार उरली: “एवढ्यात सुरू झाला? म्हणजे नीट झाला नसणार.” पूर्वी त्या वेळात ते चष्मा पुसायचे, पाणी प्यायचे, लेकीला काय लिहायचं ते मनात जुळवायचे. चष्मा न पुसताच काम सुरू करावं लागतंय म्हणून ते बेचैन. तेव्हा मी त्यांच्या संगणकात मुद्दाम थोडा उशीर घातला. (कंपनीला हे फुकटात जमत होतं, मला त्यासाठी दुपार घालवावी लागली.) काका समाधानाने म्हणाले, “आता कसा पहिल्यासारखा झाला!” बाकीचे पाचही मी तसेच केले. मी नवं काढून जुनंच परत बसवलं असं सगळ्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. ताईंनी अडलेला अर्ज भरला. मी घरी जाताना मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करून घेतला, आभारप्रदर्शनासह.

आणि मग तपासणी साहेब आले.

जुनी सिस्टीम खरंच काढली का, हे मुख्य कार्यालयाच्या वतीने पाहायला आले होते. मी दारात हसत उभी. आयुष्यात पहिल्यांदा तपासणीची वाट पाहत होते. साहेब नेमके काकांच्या संगणकापुढे बसले. बटण दाबलं. संगणक सुरू होईना. होईना. होईना. मग ‘टिंग टिडिंग’ झालं आणि पिवळं फूल उमललं. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

“जुनीच आहे.”

“नाही साहेब, आतून नवी आहे. वरून फक्त जुनी दिसते.”

“नवी असेल तर जुनी कशाला दिसेल?”

मावशी, या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायला लागल्यावर मलाच ते खोटं वाटायला लागलं. मी पडद्यावर सिस्टीमचं नाव लिहिलेली पाटी उघडून दाखवली. ते म्हणाले, “पाटी काय, कुणीही लिहितं. एवढी वर्षं तपासणी करतोय, मला चेहऱ्यावरून कळतं.” मी त्यांच्यादेखत फूल काढलं, बटण हलवलं, सगळा साज उतरवला. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही माझ्यासमोर बदल केलात. मी आलो तेव्हा जुनी होती.” हे त्यांनी लिहूनही घेतलं.

मग मला साक्षीदारांची आठवण झाली. (इथे तू डोक्याला हात लावशील. लाव.) टपालकाका दारातच उभे होते. साहेब काही चूक काढतायत आणि पोरगी रडकुंडीला आलीय, एवढंच त्यांना दिसत होतं. ते छाती काढून पुढे आले. “साहेब, या मुलीवर उगाच आळ घेऊ नका. हिने कशालाही हात लावलेला नाही! अहो, सगळं पहिल्यापासून आहे तसंच आहे. मी रोज बसतो इथे.” मी डोळ्यांनी खुणा करत होते, त्यांना वाटलं मी आभार मानतेय. ताईंनीही तोंडाला पदर न लावता ठणकावून सांगितलं, “एक चित्र हललं नाही इथलं, साहेब. आम्ही लिहून देतो!” सर्वांत शेवटी साहेबांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, “मला यातलं कळत नाही, पण मुलगी ग्रॅज्युएट आहे.”

शेरा पडला: सहाही संगणक जुने, शनिवारपर्यंत इमारतीबाहेर काढावेत.

साहेब गेल्यावर मी दोघांना खरं काय ते सांगितलं. ताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मी नव्यावर अर्ज भरत होते? मला येतंय ते?” त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की मला शेऱ्याचा क्षणभर विसर पडला. काका मात्र भडकले. “आम्हाला बनवलंस!” म्हणाले. नंतर खिडकीपर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, “पण पोरी, फूल छान जमवलं होतंस. आता मी लेकीला कुठून लिहायचं?”

सर दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “आदेश नीट वाच. ‘इमारतीत ठेवू नये’ असं आहे. भंगारवाला फुकटच नेणार होता. दुसरं कुणी फुकट नेत असेल तर मी सही करतो.” मावशी, सही! सरांची! आणि त्यांनी केलीसुद्धा, निवृत्तीच्या आधी! फक्त एक अट: “कुठे नेताय ते मला सांगू नका.”

तेव्हा मावशी, चालणारी वस्तू नुसती ‘जुनी’ म्हणून टाकून देणं हे पाप आहे, अशा मताची मी झाले आहे आणि हे मत आता मरेपर्यंत सुटणार नाही. कुणाचा तरी हात ज्या वस्तूवर बसलेला असतो, ती जुनी नसते, ती त्याची असते. हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? गुडघ्याला जप. काकांना नमस्कार.

तुझीच,
घरातली (तूर्त एकुलती एक) पदवीधर

ता. क. पत्रास कारण राहिलंच. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तू ओळखलं असशील. पत्र घेऊन आलेले बाबा दारातच उभे आहेत. तू पूर्ण वाचेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी त्यांना बजावलंय, त्यामुळे ते असे का बघतायत हे विचारू नकोस. त्यांच्यामागे टेम्पो आहे. टेम्पोत ताडपत्रीखाली काय आहे, हे तुला आता सांगायला नको.

आणखी ता. क. तुझी रस्त्याकडची खोली, जिला स्वतंत्र दार आहे आणि जी वाचनालयापासून चालत येण्याजोगी आहे, ती या संगणकांना हवी आहे. फक्त सकाळच्या वेळी. लोक शांत असतात, पायपुसण्याला पाय पुसतात. विजेचं मीटर मी बघून घेईन. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण टेम्पोत पुढच्या सीटवर चष्मा पुसत बसलेल्या गृहस्थांना तू स्वतः जाऊन तसं सांग. मला ते जमणार नाही.

शेवटचा ता. क. त्या खोलीत आपल्या काकांचे ते नऊ बंद पडलेले टेबलफॅन आहेत ना, ते काढल्याशिवाय टेबलं मावणार नाहीत. कधीतरी दुरुस्त करू म्हणून किती वर्षं सांभाळायचे? काकांना समजावून सांग की जुन्या वस्तूंत असा जीव अडकवू नये. परत येताना टेम्पो रिकामाच आहे. भंगारवाला वाटेवर आहे, मी बाबांना पत्ता दिला आहे.