खालची काठी

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

मन थाऱ्यावर नाही. ऋचाची कादंबरी वाचून झाली. माझी विद्यार्थिनी, तिचं पहिलंच पुस्तक. माझ्या कादंबरीतली आई तिने घेतली आहे, मला विचारूनच. माझ्या पुस्तकात ती आई दिवेलागणीला अंगणाच्या फाटकाच्या, म्हणजे बेड्याच्या, सगळ्या आडव्या काठ्या लावून वाट बंद करते, आणि उशिरा आलेली मुलगी बाहेर रडत उभी राहते. ऋचाची आई खालची काठी लावतच नाही. मुलगी वाकून आत येते.

इतकं सोपं? मला रागच आला.

दुपारी आईला सांगितलं. गरे सोलता सोलता ती थबकली.

"अगो, त्या मुलीला कसं कळलं? पडवीत तुझे बाबा बसलेले असायचे. वरच्या काठ्या त्यांना दिसायला. खालची मी कधीच लावली नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? वाकली असतीस तर दिसलं असतं. पण तुझी मान तेव्हापासूनच ताठ!"

आणि हसली.

खालची काठी. आता पुस्तक बदलू? नको. मी बाहेर उभी होते, रडले होते, तेही खरंच.

पण ऋचाला फोन करायला हवा. काय सांगू? की तू काहीच बदललं नाहीस, होतं तसंच लिहिलंस?