पळसाच्या अलीकडची तूर

चाकूर, सोमवार संध्याकाळ

काल लिहिलं की उपग्रहाचं चित्र जुनं असावं. ते चूक. चित्र बरोबर आहे, तूर घेणाऱ्या कंपनीसाठी मी केलेला शेतांचा नकाशाच चुकलाय.

बांधावरच्या पळसाच्या अलीकडे मी सोयाबीन दाखवलं. चित्रात तिथे तूर उभी आहे. आज बांधाला लागून शेत असलेल्या सुमनकाकूंना फोन केला, तर त्या हसल्या.

"हाव, तूरच हाय. अलीकडचं आम्हीच कसून राहिलोय, पोरी. भावजींना विहिरीजवळचं पाहिजे होतं, मग अदलाबदल केली. सातबारा तसाच हाय. भावाभावात कशाला कागद?"

मी सातबारा पाहून रेघा ओढल्या. पळसापर्यंत चालत गेले, पण इथे पेरतं कोण, हे विचारलंच नाही. आता गोणीवरचा कोड स्कॅन केला, की माझ्या नकाशावरून काकूंची बिनफवारणीची तूर भावजींच्या फवारलेल्या रानातली दिसणार. खरेदीदार ती परत पाठवणार.

नावं इथे बसूनही बदलता येतील, कुणाला कळणार नाही. पण उद्या भावजींना वाटलं, की कंपनीने त्यांची जमीनच भावाच्या नावावर केली, तर? आईने घरी पाटीवर शिकवताना सांगितलेलं: चूक ज्याच्याबाबत केली, त्याच्यासमोर दुरुस्त करायची.

नकाशात मालक आणि कसणारा असे दोन रकाने करते. ते मला नीट जमेल. दोघा भावांना पळसाखालीच बोलावलंय.

काकू म्हणाल्या, "ये की. पण भावजींसमोर सातबाऱ्याचं नाव काढू नको, चहा कडू लागंल."

काढावंच लागेल. तूर गोण्यांत भरायच्या आत, या गुरुवारी सकाळी.