उलटं झाकण

१८ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण बडबड शाबूत आहे. मुलांची खुशाली कळव.

थंडी सरली, म्हणजे क्लबात गोल्फच्या ग्रीनवरच्या हिरवळीला भोकं पाडायचं मशीन बाहेर काढलं असशील. त्याचे दोन दात बोथट झालेत, बदलून घे. वाळू कोरडीच पसर, ओली वरच बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. सभासद कटकट करणारच. गेल्या वर्षी वकीलसाहेबांनी विचारलं होतं, "ग्रीनला गोवर आलाय का हो?" आणि तू तोंड फिरवून हसत सुटला होतास. दोन आठवडे कोणाचं काही ऐकू नकोस.

नवव्या ग्रीनबद्दल लिहायचं नव्हतं. पण तिथे काहीबाही ओतून हिरवं करायला जाऊ नकोस. मेलेला थर चार बोटं खरवडून काढ, नवी माती भर आणि शेडजवळच्या वाफ्यातली हिरवळ कापून तिथे बसव. क्लबचा सेक्रेटरी स्पर्धेची घाई करील. करू दे.

हे सगळं मी घरी बसून लिहितोय आणि तू वाचणार माझ्या टेबलाशी बसून. काय गंमत आहे बघ. बावीस वर्षं मी हेड माळी होतो आणि तुला हाताला धरून तिथे नेलं तेही मीच.

फवारणीची टाकी आपल्याकडे एकच. पायवाटांवरचं तणनाशक त्यातच, ग्रीनवरचं खतही त्यातच. म्हणून आपण दोघांनी ठरवलं होतं, तणनाशक झालं की टाकी तीनदा धुवायची आणि धुणाऱ्याने झाकण उलटं ठेवायचं. झाकण उलटं म्हणजे टाकी स्वच्छ. मग विचारायचं नाही, तपासायचं नाही.

त्या मंगळवारी सकाळी पायवाटा तू फवारल्यास. अर्ध्या तासाने मी शेडमध्ये आलो तर झाकण उलटं. शेडमागची धुण्याची जागा मात्र खडखडीत कोरडी. पाहिलं मी ते. पाहूनही खत भरलं आणि नवव्या ग्रीनवर माझ्या हाताने मारलं, कारण झाकण तू ठेवलं होतंस. आठवड्याभरात पिवळे पट्टे उमटले.

क्लबाने त्याबद्दल बोलावलेल्या बैठकीला जाताना माझ्या खिशात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं, चूक माझी. तुझं नाव मी घेणारच नव्हतो. तुझी मुलं लहान, माझं काय, दोन वर्षांत निवृत्त होणारच होतो. तू फक्त गप्प बसायचं होतंस रे! मी कागद काढायच्या आत तू उभा राहिलास आणि म्हणालास, "टाकी धुवायची राहिलीय, असं मी दादाला सांगितलं होतं. हल्ली त्याच्या लक्षात राहत नाही."

माझ्याकडे बघत म्हणालास. कागद खिशातच राहिला. सेक्रेटरीने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता विश्रांती घ्या." लोक आजारी माणसाशी बोलतात ना, तसा बोलला.

तुझी वहिनी बिचारी तोंडाने काही म्हणत नाही. पण मी गॅस बंद केला की मागून जाऊन बघते. औषध घेतलं का, दोनदा विचारते. परवा मीच कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत आलो. लागलेलं होतं. तिथेच पायरीवर बसून रडलो. छोट्या, कधीकधी वाटतं, तू खरंच सांगितलं होतंस आणि मीच विसरलो की काय. हे तू केलंस माझं. लाज वाटायला हवी तुला.

नोकरी ठेव. क्लबात कोणाला काही सांगू नकोस. रविवारी ये, वहिनीसमोर बस आणि एकदाच म्हण, टाकी मी धुतली नव्हती आणि दादाला काही सांगितलंही नव्हतं. चहा मिळेल, शिव्याही मिळतील. नाही आलास, तर परत या दारात पाऊल टाकू नकोस. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे आता या जगात फक्त तुलाच नक्की माहीत आहे.

वाट बघणारा,
तुझा दादा