आयव्हीनं दिलेला सुरा

शेफील्ड,
७ मार्च १९९३, रविवार

आमच्या डोरीनला,

तुझं पत्र पोचलं. तिकडे ॲडलेडला तुम्ही उकाड्यानं हैराण, आणि इथे अंगणातला नळ अजून रोज सकाळी किटलीभर गरम पाणी ओतून मोकळा करावा लागतोय. डेनिसच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत ठीक आहे. खोकला आहे, पण तो भट्टीवरच्या नोकरीचा, आणि त्याला आजार म्हणायचं नाही असं आपल्या घरात बाबांपासून ठरलेलं आहे. तुझी भावजय मॅव्हिस सध्या चेस्टरफील्डला आहे, तिच्या बहिणीला सोबत म्हणून.

कारखाना बंद झाल्यापासून मी दिवसभर करतो काय, असं तू विचारलंस. तर जे माझ्या हातचं आहे ते सांगतो. समोरच्या खोलीतलं, माझ्या जुन्या सुऱ्यांचं ओकचं कपाट, काचेच्या दारांचं, आत हिरवी बनात लावलेली. दारं अशी बसवली आहेत की फटीत खेळातला पत्तासुद्धा शिरणार नाही. कपाटातली निम्म्याहून जास्त म्यानं मी शिवली, दुहेरी टाक्यानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. पहिल्या महायुद्धातल्या, खंदकात वापरायच्या दोन सुऱ्यांच्या मुठी. हरीण सोलायच्या एका स्कॉटिश सुरीला शिंगाची एक बाजू नव्हती. त्याच रंगाचं, त्याच खडबडीचं शिंग मिळेपर्यंत तीन हिवाळे थांबलो आणि मग बसवली. मॅव्हिसच्या जुन्या धुलाईयंत्राच्या मोटरीवर चालणारं सहाणेचं चाक. आणि नव्यानं बनवलेल्या प्रत्येक तुकड्यावर, आतल्या बाजूला, माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं आहे. उद्या मी नसताना कुणी ते जुनं समजून फसू नये म्हणून. हे मला कुणी शिकवलेलं नाही. वाचनालयातली पुस्तकं, आणि वस्तुसंग्रहालयातला तो पहारेकरी, जो मला काचेला नाक लावू द्यायचा नाही, एवढेच माझे गुरू.

तू ज्याबद्दल लिहितेस तो सुरा मात्र माझ्या हातचा नाही. ‘परत देऊन टाक आणि मोकळा हो,’ असं तू दोनदा लिहिलंस. मला वाटतं मॅव्हिसनं तुला फोन केला असावा. तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

विल्फ ऑक्सली तुला आठवेल. भट्टीवर माझा मुकादम होता, लाल भुवयांचा. रविवारी मी त्याच्याकडे जायचो आणि तो तेलाच्या फडक्यातून तो एकच सुरा काढायचा. माझ्या कपाटात इतके, त्याच्याकडे एक, आणि तरी त्याच्या घरून परतताना मीच गरीब. आपल्याच गावच्या ब्रॅडवेल अँड नेफ्यूनं साधारण १८५० च्या सुमाराला घडवलेला शिकारी सुरा. सव्वानऊ इंच पातं, टोकाजवळ पाठीलाही धार. हरणाच्या शिंगाची मूठ, तिच्यावर जर्मन सिल्व्हरची टोपी, आणि त्या टोपीवर अर्धा घोडा अर्धी सुसर असलं एक मजेशीर जनावर. असले सुरे अमेरिकेत विकायला बनवायचे. हा मात्र गेला एका लेफ्टनंटाबरोबर क्रिमियाच्या लढाईला. म्यानाच्या आत त्यानं टाचणीनं नाव ओरखडलंय. शिकारीचा सुरा लढाईला गेला आणि परत आला, असा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या नव्हे, त्याआधीच्या शरदात विल्फ गेला. थोड्या दिवसांनी त्याच्या बायकोनं, आयव्हीनं मला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते फडकं ठेवलेलं होतं.

“विल्फनं सांगून ठेवलंय, हा हेडलीचा,” ती म्हणाली. “ने बाबा.”

“आयव्ही, हा विकलास तर घरावर सगळं छप्पर नवं चढेल.”

“गळतंय ते माझ्या डोक्यावर, तुझ्या नाही. नेतोस की नाही? आणि पेनी ठेव आधी इथे. ह्या वयात नवे मित्र कुठे शोधत बसू मी?”

मी खिशातून पेनी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तू विसरली नसशील. पातं फुकट घेतलं की माया तुटते, म्हणून घेणाऱ्यानं निदान एक पेनी द्यायची. तुझ्या लग्नात फ्लॉरीआत्यानं सुऱ्यांचा संच दिला तेव्हा तू नवरीच्या झग्यात पेनी मागत फिरत होतीस आणि डेनिसला वाटलं आपल्याकडे असाच हुंडा गोळा करतात. आयव्हीनं पेनी पर्समध्ये टाकली, मी सुरा घेऊन घरी आलो. झालं एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात आयव्हीला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. गॅस चालू ठेवून ती रस्त्यावर जाऊन उभी राहायला लागली होती. तिचा भाचा ग्रेनव्हिल लिंकनहून आला, घर रिकामं करायला. त्यानं विचारलं, “मावशी, काकांचा तो सुरा कुठे आहे?” आणि जिला स्वतःचं स्वयंपाकघर आठवत नव्हतं ती बाई म्हणाली, “हेडलीनं नेला. एक पेनी दिली त्यानं मला.” पर्स उघडून दाखवलीसुद्धा.

तो माझ्या दारात आला. ओल्या छत्रीचा, सभ्य माणूस. आवाज चढवला नाही, हे आधी सांगायला हवं.

“मिस्टर स्टॅनिफोर्थ, तुम्ही मावशीला ह्या सुऱ्याची एक पेनी दिलीत?”

“दिली.”

“म्हणजे कबूल करता?”

“कबूल कसलं? पेनी द्यावीच लागते.”

“कोणत्या कायद्यानं?”

आता लिंकनच्या माणसाला काय सांगायचं, डोरीन? मी सांगायला गेलो. माया, मैत्री, फ्लॉरीआत्या, सगळं सांगितलं. माझं मलाच ऐकू येत होतं की हे शब्द शेफील्डच्या बाहेर कसे वाटत असतील. शेवटी मी कपाट उघडलं, सुरा फडक्यात गुंडाळला आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरला. म्हटलं, “न्या.”

त्यानं हात पुढे केला नाही. खिशातून टंकलेला एक कागद काढला. ‘मी, हेडली स्टॅनिफोर्थ, मिसेस ऑक्सली यांची स्मरणशक्ती ठीक नसल्याचे माहीत असूनही...’

“ह्यावर सही करा, मग नेतो. नाहीतर उद्या मीच उचलला असं व्हायचं.”

“‘माहीत असूनही’ एवढं खोडा. लगेच करतो सही.”

“ते खोडलं तर मग उरतं काय?” तो म्हणाला.

तेव्हापासून तो कागद त्याच्याकडे आणि सुरा माझ्याकडे. तू म्हणतेस परत दे. मी देतोय, कुणी घेत नाही. घ्यायचा तर माझ्या सहीसकट.

आमच्या सुरेवाल्यांच्या क्लबात बातमी आधीच पोचली होती. आम्ही दर महिन्याला खानावळीच्या वरच्या खोलीत जमतो, आपापली पाती टेबलावर मांडतो आणि मूठ पुढे करून एकमेकांना दाखवतो. मी गेलो तर स्टॅन क्रॅपरनं माझ्यासमोर एक पेनी टाकली आणि म्हणाला, “हेडली, एवढ्या पैशात माझी सासू नेतोस का? बोनस म्हणून तिचा पोपट देतो.” सगळे हसले, मीही हसलो. विनोद चांगला होता. पण त्या संध्याकाळी माझ्यापुढे एकानंही मूठ केली नाही. मी हात पुढे केला की समोरचा म्हणायचा, “थांब हां, पुसून देतो,” आणि पुसत बसायचा. पुढच्या महिन्यापासून मी गेलो नाही.

कुठेच जात नाही आता. हे ऐकून तू हसशील, पण घर सोडून जायची सोय नाही. मी बाहेर असताना चोरी झाली तर गाव म्हणणार, त्यानंच लपवला. बरोबर घेऊन फिरावं तर पोलीस धरतील. बँकेत ठेवावा तर म्हणतील, बघा, किंमत माहीत होती. म्हणून समोरच्या खोलीच्या खिडकीला नवं कुलूप बसवलंय, पडदा ओढलेला असतो, आणि मी त्या कपाटासमोर बसून असतो. दारं इतकी घट्ट बसवलेली, तुला सांगितलंच. ॲडलेडला या म्हणतेस, त्याचं उत्तर ह्यातच आलं.

मॅव्हिसच्या बहिणीला सोबतीची गरज नाही. ती ठणठणीत आहे, नाचाच्या वर्गाला जाते.

झालं असं की एका सकाळी अंडी तळता तळता मॅव्हिसनं विचारलं, “हेडली, त्या दिवशी आयव्ही ठीक होती ना?” मी म्हटलं, “ठीक होती.” फार पटकन म्हटलं. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, “काय घातलं होतं तिनं?” मला सांगता आलं नाही. “चहा दिला होता?” दिला असणार. “कसा होता?” मी चिडलो, ओरडलो, म्हटलं तू आता ग्रेनव्हिलची वकीलीण झालीस का. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, “त्या सुऱ्याच्या मुठीवर किती खाचा आहेत ते तुला डोळे मिटून सांगता येईल. आणि समोर बसलेल्या बाईचं काही आठवत नाही.” संध्याकाळी ती चेस्टरफील्डला गेली. भांडून नाही. जाताना माझ्यासाठी रात्रीचं जेवण करून ओव्हनमध्ये ठेवलं होतं.

ती बरोबर बोलली, तीच पंचाईत आहे. त्या दुपारचं मी आठवून आठवून पाहतो. फडक्याचा वास आठवतो. पात्यावर मुठीजवळ नखाएवढा गंजाचा डाग होता, तो आठवतो. साखर हवी का असं आयव्हीनं मला दोनदा विचारलं, असं आता वाटतं. पण ते खरंच झालं की ग्रेनव्हिलच्या कागदानंतर माझ्या डोक्यात शिरलं, ते ठरवता येत नाही. विल्फ जाऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा दुःखात कुणीही दोनदा विचारेल. मी तिच्याकडे बघतच नव्हतो, डोरीन. सुऱ्याकडे बघत होतो.

म्हणून गेल्या गुरुवारी तिला भेटायला गेलो. शेजारच्या नॉर्मनला कपाटासमोर बसवलं, सुऱ्याचा फोटो घेतला. ती खिडकीपाशी होती, केस नीट विंचरलेले. मला ओळखलं नाही. मी फोटो पुढे केला तर चेहरा उजळला.

“हा विल्फचा! हा हेडलीला द्यायचाय. तुम्ही ओळखता का हो हेडलीला?”

मी म्हटलं, “ओळखतो.”

“मग सांगा त्याला, लवकर ये म्हणावं. आणि पेनी आण म्हणावं, विसरतो तो.”

मला वाटलं, सुटलो. परिचारिकेला हाक मारावी, ग्रेनव्हिलला फोन लावावा, हे तिच्याच तोंडून ऐकवावं. तेवढ्यात चहाची गाडी घेऊन एक पोरसवदा बाई आली. आयव्हीनं तिच्यापुढे तोच फोटो धरला.

“घे गं, तुला हवाय का? छान आहे. एक पेनी दे फक्त.”

ती हसली, म्हणाली, “आजी, काल तर घड्याळ दिलंत मला.” कप ठेवून गेली. आयव्हीनं फोटो मला परत दिला, मूठ माझ्याकडे करून, आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

मी हेडली असं म्हणालो नाही. म्हटलं, विल्फच्या ओळखीचा.

हे मॅव्हिसला लिहिलेलं नाही. तिला ह्यातलं पहिलं अर्धंच सांगावं असा मोह होतो, आणि पहिलं अर्धं सांगणारा माणूस त्या कागदावर सही करणाऱ्यापेक्षा बरा कसा, ते मला उमगत नाही. सुरा मला दिला गेला होता की नुसता माझ्या हाती लागला, हे सांगू शकणारी एकच बाई आहे, आणि ती दोन्ही सांगते.

तू लिहिलंस, मग विकून टाक, पैसे वृद्धाश्रमाला दे, विषय संपव. ती संधीही येऊन गेली. काल लंडनचे एक व्यापारी आले, पेंडल नावाचे. जाणकार माणूस. सुरा हातात घ्यायच्या आधी त्यांनी हातमोजे घातले, म्यानात आरसा घालून लेफ्टनंटाचं नाव वाचलं, आणि टोपीवरचा तो घोडा-सुसर पाहून लहान मुलासारखे हसले. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या समोर बसून पात्याबद्दल बोललं. मग म्हणाले, अमेरिकेत गिऱ्हाईक तयार आहे, पण भाच्याचं लफडं त्यांच्या कानावर आलंय. तेव्हा मी एका ओळीत लिहून द्यायचं की हा सुरा मला शनिवारच्या जुन्या बाजारात एका अनोळखी माणसाकडून मिळाला. विल्फ ऑक्सलीचं नाव नको, त्याच्या बायकोचं तर नकोच. “एवढी एक ओळ, मिस्टर स्टॅनिफोर्थ. पैसे रोख, आणि तुम्ही ह्या खोलीतून बाहेर.” असंच म्हणाले, खोलीतून. मी त्यांना पडदा का ओढलाय ते सांगितलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. त्यांनी आकडा वाढवला, मी परत नाही म्हटलं, आणि सुरा फडक्यात गुंडाळून आत ठेवला. ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि शेवटचा आकडा म्हणाले; त्यालाही मी नाहीच म्हटलं. कारखान्यानं मला घरी बसवताना जे हातावर ठेवलं त्याहून जास्त. तो इथे अजून कुणाला सांगितलेला नाही, तुला सांगतो. सात हजार दोनशे पौंड.

तुझा, पडद्याआडून लिहिणारा धाकटा भाऊ,
हेडली